उजेडाची मात्रा

माझ्या लहानपणी दवाखान्यातून औषध आणायचे तर घरून बाटली न्यावी लागे. कंपाउंडर त्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि कागदाची एक पट्टी घडी घालून, कात्रीने दोन्ही बाजूंना खाचा पाडून, खळीने बाटलीवर चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ती पट्टी वाचता येत असे. घरी आजीकडे सहाण असायची आणि वैद्याने दिलेली मात्रा ती वेढे मोजून उगाळायची. म्हणजे औषध कोणतेही असो, ते किती द्यायचे हे कुठेतरी मोजलेले असायचे. ‘मात्रा’ हा आपला शब्दच मुळी औषधासाठीही वापरतात आणि मापासाठीही.

पण औषध जर उजेड असेल तर? त्याच्या बाटलीला खाचा कुठे पाडायच्या?

हा प्रश्न वैद्यकशास्त्राला एकशेवीसहून अधिक वर्षे छळतो आहे. कर्करोगावर ‘फोटोडायनॅमिक थेरपी’ नावाचा एक उपचार आहे. रोग्याला आधी एक औषध देतात. हे औषध अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असते. ते गाठीत जमले की त्या जागी ठरावीक रंगाचा उजेड पाडतात. उजेड पडला की औषध जागे होते आणि त्या जागेच्या पेशी मरतात. जिथे उजेड नाही तिथले औषध स्वस्थ असते. ऐकायला किती सोपे! तरीही या उपचाराचा इतिहास हा बराचसा मोजण्यात झालेल्या चुकांचा इतिहास आहे आणि आज मला तोच सांगायचा आहे.

सुरुवात म्युनिकमध्ये झाली. १८९७-९८ च्या हिवाळ्यात हर्मान फॉन टापायनर या प्राध्यापकांच्या हाताखाली ऑस्कर राब नावाचा एक विद्यार्थी काम करीत होता. अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याने पॅरामिशियम हे पाण्यातले एकपेशीय जीव किती वेळात मरतात, हे त्याला पाहायचे होते. मलेरियावरच्या औषधांच्या शोधातले ते एक साधे काम होते. पण आकडे जुळेनात. द्रावण तेच, जीव तेच, तरी एका दिवशी ते झटपट मरत आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी जास्त वेळ जगत. एखाद्याने हात नीट चालत नाही म्हणून वही मिटली असती. राबने मात्र आठवून पाहिले, तेव्हा जीव जास्त जगले त्या दिवशी बाहेर वादळ होते आणि प्रयोगशाळेत अंधारून आले होते असे त्याच्या ध्यानात आले. फरक औषधात नव्हता, खिडकीतून येणाऱ्या उजेडात होता. १९०० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले.

मला या गोष्टीत शोधापेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची वाटते. राबने औषध अगदी काटेकोर मोजले होते. उजेड मोजायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हते, कारण उजेड हा प्रयोगाचा भाग आहे असे त्याला वाटले नव्हते. पुढे १९०४ मध्ये टापायनर आणि त्यांचे सहकारी योडलबाउअर यांनी दाखवले की हे सारे घडायला ऑक्सिजनही लागतो. म्हणजे औषध, उजेड आणि ऑक्सिजन असे हे तिघांचे काम आहे. तिघांतला एक जरी नसला तरी काही घडत नाही. या क्रियेला ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव टापायनरांनीच दिले. त्याआधी १९०३ मध्ये येसिओनेक या त्वचारोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी कातडीच्या कर्करोगावर इओसिन हा लाल रंग लावून उजेड देऊनही पाहिला होता. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना कातडीच्या क्षयावर उजेडाने केलेल्या उपचारांबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. उजेडाचे दिवस चांगले होते तर!

इथे कुणाला बावची आठवली असेल. पांढऱ्या कोडावर बावचीचे बी वाटून लावायचे आणि उन्हात बसायचे, हा आपल्याकडचा फार जुना उपचार. त्यातले सोरालेन हे द्रव्य उजेडानेच काम करते, पण त्याची रीत वेगळी आहे. ते अतिनील किरणांनी पेशीतल्या डीएनएला चिकटते, त्याला ऑक्सिजनची गरज लागतेच असे नाही. तेव्हा बावचीला या घराण्याची आजी म्हणण्यापेक्षा शेजारीण म्हणणे बरे. मात्र एक अडचण दोघींची सारखीच. उन्हात बसायचे किती? जास्त बसले तर फोड येतात. जाणता वैद्य घड्याळ पाहत नसे, कातडी पाहत असे. ती लालसर दिसू लागली की रोग्याला सावलीत आणायचे. हा कातडी पाहणारा वैद्य लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

आता १९१२ साल. फ्रीड्रिख मायर-बेट्झ हे जर्मन डॉक्टर हिमॅटोपॉर्फिरिन या द्रव्याचा अभ्यास करीत होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून हे बनवतात. प्राण्यांना ते टोचून उजेडात ठेवले तर काय होते हे माहीत होते, माणसाला काय होते हे माहीत नव्हते. ऑक्टोबर महिन्यात त्यांनी स्वतःच्याच शिरेत २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतले. अंधारात काही झाले नाही. पण उन्हात गेले मात्र आणि चेहरा व हात असे सुजले की माणूस ओळखू येईना. त्या सुजलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण डोळे मिटून गेलेला तो चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. ऊन सोसण्याची त्यांची ताकद परत यायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला.

आज अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी ‘फोटोफ्रिन’ हे औषध शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम देतात. साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. म्हणजे मायर-बेट्झ यांनी घेतलेले २०० मिलिग्रॅम काही भलतेच प्रमाण नव्हते. भलते प्रमाण होते ते उन्हाचे. त्याचे माप मात्र त्यांच्या प्रयोगात घेतलेले नव्हते.

मधली चाळीस-पन्नास वर्षे भराभर ओलांडू. १९२४ मध्ये फ्रान्समध्ये पोलिकार यांना दिसले की अतिनील दिव्याखाली काही गाठी आपोआप लालसर चमकतात, कारण त्यांत पॉर्फिरिन साठलेले असते. अमेरिकेत सॅम्युएल श्वार्ट्झ आणि नंतर मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड लिप्सन यांनी हिमॅटोपॉर्फिरिनवर आम्लांची प्रक्रिया करून गाठीत अधिक साठणारे मिश्रण तयार केले. लिप्सन यांचा मुख्य हेतू गाठ शोधण्याचा होता. १९६६ मध्ये त्यांनी स्तनाचा कर्करोग उलटलेल्या एका स्त्रीवर उपचारही करून पाहिला. पण ही वाट पुढे फारशी कोणी चालले नाही.

ती चालणारा माणूस डॉक्टर नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. टॉमस डॉहर्टी हे आधी ड्यूपाँ कंपनीत होते आणि १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो येथील रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत आले. पेशी जिवंत आहेत की मेलेल्या हे ओळखण्यासाठी फ्लुओरेसिन डायअ‍ॅसिटेट हे रंगद्रव्य वापरायची पद्धत होती. रंगवलेल्या पेशी उजेडात राहिल्या तर मरतात, अशी तक्रार त्या काळी प्रयोगशाळेत ऐकू येई. इतरांना ही कटकट वाटत होती, डॉहर्टींना तो उपचार वाटला. राबचा किस्सा त्यांनी नंतर वाचला, असे सांगतात. आपण नवे काही शोधले नाही, सत्तर वर्षांपूर्वीचेच सापडले, हे कळल्यावर कुणाचाही उत्साह मावळला असता. त्यांचा मावळला नाही.

१९७८ मध्ये डॉहर्टी आणि सहकाऱ्यांनी २५ रोग्यांवरचे निष्कर्ष छापले. कातडीत किंवा कातडीखाली वाढलेल्या एकूण ११३ गाठी. झेनॉनच्या दिव्यातून गाळून घेतलेला लाल उजेड त्यांच्यावर टाकला. १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या, फक्त दोन जुमानल्या नाहीत. इतर उपचार हरलेल्या रोग्यांच्या गाठी होत्या या. जगभरच्या रुग्णालयांनी दखल घेतली ती यामुळे. १९९३ मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेने अन्ननलिका बुजवणाऱ्या कर्करोगासाठी फोटोफ्रिनला मान्यता दिली. डॉहर्टी २०१८ मध्ये वारले.

मान्यता मिळाली म्हणजे औषधाच्या वेष्टनात सूचना आल्या, आणि सूचना म्हणजे मात्रा. अन्ननलिकेसाठी ती अशी आहे. औषध टोचल्यावर ४० ते ५० तास थांबायचे. मग उजेड सोडणारा काचतंतू दुर्बिणीतून आत घालायचा. उजेड ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबडा. तंतूच्या दर सेंटिमीटर लांबीमागे ३०० ज्यूल. एक वॅटचा दिवा एक सेकंद जळला की एक ज्यूल होतो. तंतूच्या एका सेंटिमीटरमधून ४०० मिलिवॅट सोडले तर ३०० ज्यूल व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. फुप्फुसाच्या श्वासनलिकेत २०० ज्यूल, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद. पुढे किमान तीस दिवस रोग्याने उन्हापासून दूर राहायचे. मायर-बेट्झ यांच्या सुजलेल्या चेहऱ्याची ही आठवण!

मिलिग्रॅम आहेत, ज्यूल आहेत, तास आणि मिनिटे आहेत. सगळे मोजलेले आहे. मग अडले कुठे?

अडले ते असे, की हे सारे आपण किती पाठवले याचे माप आहे. किती पोचले याचे नाही. तालुक्याला धान्याची किती पोती रवाना झाली यावरून गावातल्या प्रत्येक घरी चूल पेटली की नाही हे जसे कळत नाही, तसे. टोचलेल्या औषधातले किती गाठीत गेले? ते माणसागणिक बदलते, आणि एकाच गाठीच्या दोन टोकांनाही सारखे नसते. त्यातून फोटोफ्रिन हे एक द्रव्य नाही, लहानमोठ्या रेणूंचे मिश्रण आहे. उजेडाचे तर त्याहून अवघड. अंधारात पेटत्या बॅटरीवर तळहात ठेवला तर बोटे लाल दिसतात, हा खेळ आपण सगळे खेळलो आहोत. लाल उजेड मांसातून जातो, बाकीचे रंग रक्त पिऊन टाकते. पण जातो म्हणजे किती? साधारण दर अडीच मिलिमीटरला तो सुमारे ३७ टक्क्यांवर येतो असे धरले, तर एक सेंटिमीटर खोलीवर दोन टक्केही उरत नाही. आणि हे अडीच मिलिमीटरही कायम नाहीत. यकृतासारख्या रक्ताने भरलेल्या अवयवात ते कमी होतात.

हे सगळे कागदावरचे हिशेब झाले. माणसाच्या देहावर त्यांची किंमत कशी मोजावी लागली हे पाहायचे तर १९८० च्या दशकातल्या मूत्राशयाच्या उपचारांकडे यावे लागते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात जागोजागी कर्करोग असेल तर पूर्वी अख्खे मूत्राशयच काढावे लागे. मूत्राशय म्हणजे पोकळ गोळा. तो पाण्याने फुगवायचा, मधोमध चहूकडे उजेड फेकणारा छोटा दिवा ठेवायचा आणि सगळे अस्तर एकदम उजळायचे, ही कल्पना फारच सुंदर होती. हिशेबही सोपा. समजा गोळ्याची त्रिज्या चार सेंटिमीटर आहे. त्याच्या आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. दोन वॅटचा दिवा लावला की दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट. चौरस सेंटिमीटरला २० ज्यूल हवे असतील तर तेहतीस-चौतीस मिनिटे. शाळेतले गणित.

पण चुना लावलेल्या देवघरात एक समई लावा आणि काजळी धरलेल्या स्वयंपाकघरात तीच समई लावा. उजेड सारखा पडतो का? मूत्राशयाचे अस्तर फिकट असते. त्याच्यावर पडलेला लाल उजेड बराचसा परत फिरतो, समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा मागे येतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम येथे विलेम स्टार आणि हान्स मारेनिसन यांनी काचतंतूच्या टोकाला सर्व दिशांचा उजेड टिपणारी बारीकशी गोळी बसवून भिंतीपाशी प्रत्यक्ष मोजले, तेव्हा तिथला उजेड दिव्याच्या हिशेबापेक्षा कित्येक पटींनी जास्त भरला. आणि किती पट, ते प्रत्येक रोग्यात वेगळे. पाचपट झाला असे धरा. वीस ज्यूल दिले असे कागदावर लिहायचे आणि भिंतीवर शंभर पडलेले असायचे.

त्या काळात संपूर्ण मूत्राशयाला उजेड दिलेल्या काही रोग्यांची मूत्राशये आखडली. आतले अस्तर बरे होताना स्नायूंत व्रण धरले आणि पिशवी कायमची लहान झाली. असा माणूस कर्करोगातून सुटला तरी प्रवासाला, देवळात, नाटकाला जाऊ शकत नाही. दर थोड्या वेळाने त्याला उठावे लागते. डॉक्टरांनी हलगर्जी केली होती असे नाही. सूचनेबरहुकूम केले होते. माप घेण्याची जागा चुकली होती, एवढेच. दोष एकट्या उजेडाचा नव्हता, औषध स्नायूपर्यंत पोचणे हेही कारण होतेच. पण भिंतीवर मोजल्याशिवाय ते कळायला मार्ग नव्हता.

आता तिसरा भिडू, ऑक्सिजन. औषधाचा रेणू उजेड पितो आणि ती शक्ती शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ नावाचा खवळलेला ऑक्सिजन तयार होतो. तो पेशीला मारतो, हे १९७६ मध्ये वाइसहाउप्ट, गोमर आणि डॉहर्टी यांनी दाखवले. याचा अर्थ असा की उजेड भराभर दिला तर ऑक्सिजनही भराभर संपतो. रक्त तो आणून देईपर्यंत पुढचा उजेड फुकट. चुलीत फुंकणीने वारा न घालता नुसती लाकडे कोंबत गेले तर काय होते, ते खेड्यातल्या आयाबहिणींना सांगायला नको. अमेरिकेत रॉचेस्टर येथे टॉमस फॉस्टर यांनी १९९१ मध्ये याचे गणित मांडले. प्राण्यांतल्या गाठींना सलग उजेड देण्याऐवजी अर्धे मिनिट उजेड, अर्धे मिनिट अंधार असे दिले, तर तेवढ्याच ज्यूलमध्ये परिणाम वाढला. म्हणजे ज्यूल सारखे असूनही मात्रा सारखी नाही! क्ष-किरणांच्या उपचारात देहाने किती शक्ती शोषली याला ‘ग्रे’ हे एकक १९७५ पासून आहे आणि जगभर ते चालते. उजेडाला तसे एकक मिळत नाही ते यामुळे.

मग काय मोजायचे? कॅनडात ब्रायन विल्सन आणि मायकल पॅटरसन यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९९० मध्ये त्यांनी उंदरांच्या यकृतावर दाखवले की औषधाने शोषलेल्या प्रकाशकणांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की पेशी मरतात, अलीकडे राहिली की जगतात, आणि मेलेल्या व जिवंत भागांमधली रेघ चांगली स्पष्ट असते. ही मर्यादा घन सेंटिमीटरला एकावर एकोणीस शून्ये या घरातली आहे. १९९७ मध्ये लोथार लिल्गे यांच्यासह त्यांनी मोजण्याच्या वाटा नीट वेगळ्या करून सांगितल्या. एक वाट सरळ: औषध, उजेड, ऑक्सिजन तिन्ही जागच्या जागी मोजा. हे उत्तम, पण उपकरणांचा पसारा फार. स्वीडनमधल्या लुंड येथील मंडळींनी प्रोस्टेट ग्रंथीत अठरापर्यंत काचतंतू खोवून तेच तंतू आलटूनपालटून उजेड द्यायला आणि मोजायला वापरले, ते याच वाटेवरचे काम.

दुसरी वाट आडवळणाची, पण मला फार आवडते. औषध काम करता करता स्वतःही जळून जाते आणि त्याची चमक ओसरते. चमक किती ओसरली ते पाहा, त्यावरून काम किती झाले ते समजा. तिघांना वेगवेगळे विचारायलाच नको. कातडी लाल झाली का हे पाहणारा आपला वैद्य दुसरे काय करीत होता?

तिसरी वाट थेट मारेकऱ्यालाच गाठण्याची. सिंग्लेट ऑक्सिजन जन्मल्यावर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासच जगतो, पण मरता मरता क्वचित १२७० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडतो. किती क्वचित? देहात सुमारे दहा कोटींत एखादा. हा उजेड जिवंत पेशींत आणि प्राण्यांच्या देहात पकडल्याचे मार्क नीद्रे, पॅटरसन आणि विल्सन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. हे वाचले तेव्हा मला क्रिकेटच्या मैदानातल्या गर्दीत एकाच माणसाची कुजबुज ऐकल्यासारखे वाटले होते.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे, त्याचे कारण तंबाखू. तोंड ही उजेड पोचवायला सोपी जागा. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात हरितद्रव्यापासून मिळणाऱ्या क्लोरिन पी-६ या द्रव्यावर, हॅमस्टरच्या गालातल्या गाठी घेऊन याच दिशेने काम झाले आहे. जपानने २०२० मध्ये डोके व मानेच्या कर्करोगासाठी याच्याशी नाते सांगणाऱ्या नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यात औषध प्रतिपिंडाला बांधून पेशीच्या दारापर्यंत नेलेले असते. इतकी प्रगती झाली, पण उजेडाची सूचना उघडून पाहिली तर काय? पृष्ठभागाला चौरस सेंटिमीटरला ५० ज्यूल. अजूनही पाठवलेली पोतीच मोजली जात आहेत.

कोपनहेगनमध्ये, म्हणजे फिन्सेन यांच्याच गावात, वेगळीच गोष्ट घडली. उन्हाने खरखरीत झालेल्या, पुढे कर्करोग होऊ शकेल अशा कातडीवर दिव्याने उपचार करताना रोग्यांना फार आग होई. २००८ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी मलम लावून रोग्यांना सरळ दिवसाच्या उजेडात दोनेक तास बसायला पाठवले. उजेड मंद, म्हणून औषध जसे तयार होते तसे लगेच वापरले जाते. आग जवळजवळ होत नाही आणि गुण दिव्याइतकाच येतो. ढग आले, माणूस झाडाखाली सरकला, तर किती उजेड मिळाला हे कसे कळणार? त्यासाठी प्रयोगातल्या रोग्यांच्या मनगटावर घड्याळासारखे एक छोटे यंत्र बांधले होते. वेळेबरोबर ते उजेडही टिपून ठेवत होते.